तिथी पाहून निघा: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

भुलाबाई, म्हणजे वऱ्हाडातल्या मुली गाणी म्हणत महिनाभर पुजतात त्या, बसल्या की या सदराची पत्रं वाढतात. दसरा, कोजागिरी, दिवाळी, गायगोधन (पाडव्याची गाईगुरांची पूजा), मंडई (दिवाळीनंतरची गावची जत्रा), त्रिपुरी पौर्णिमा अशी रांग लागलेली असते आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: एका दिवसात आमच्या विदर्भातल्या खेड्यात जायचं, सण पाहायचा, तिथलं खायचं आणि परतायचं, तर कुठं आणि कसं? एसटीत वाहक म्हणून माझी नोकरी भंडारा, साकोली, पवनी, वडसा या वाटांवर गेली. सणाच्या गाडीत कोण कुठून चढतं, डब्यात काय नेतं आणि परतताना पिशवीत काय आणतं, हे रोज पाहिलं. माझं माहेर वऱ्हाडातलं, सासर झाडीपट्टीतलं, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेकडच्या धानाच्या भागातलं. या महिन्यात त्या भरवशावर काही पत्रांना उत्तरं देते आहे.

*

प्रश्न: माझं माहेर नागपूरचं. दिवाळीला आम्ही चौघं येतोय, मुलं आठ आणि बारा वर्षांची. भाऊबीजेनंतर एक पूर्ण दिवस मोकळा आहे आणि भावाची गाडी आहे. झाडीपट्टीची मंडई पाहायची, तिथलं घरगुती जेवण जेवायचं, त्याच दिवसात नवेगावबांधचा तलाव आणि परतताना पवनीही करायची आहे. कसं आखू?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, नवेगावबांध आणि पवनी या वेळी वहीतून खोडा. दोन्ही जागा सुंदर आहेत, पुढच्या खेपेला नक्की जा. पण मंडई ही गाडीतून उतरून अर्ध्या तासात पाहायची गोष्टच नव्हे. एक गाव धरा आणि दिवसभर त्याच गावात राहा.

आता गाव कोणतं? मंडईची तारीख कालनिर्णयात सापडत नाही. पाडव्याला गायगोधन होतं, दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि तिथून पुढं गावोगाव मंडई भरायला लागते. प्रत्येक गाव आपला दिवस ठरवतं, शेजारच्या गावाशी टक्कर होऊ नये एवढं पाहून. त्यामुळे भावाला आत्ताच कामाला लावा. नागपूरच्या कोणत्याही ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत लाखनीचं, साकोलीचं, लाखांदूरचं, ब्रह्मपुरीचं माणूस असतंच. त्याला विचारलं की तो तारीख तर सांगेलच, वर ‘आमच्याच घरी या’ म्हणेल. तसं कुणी नाहीच मिळालं, तर साकोली किंवा लाखनीच्या बस स्टँडवर उतरून भिंती वाचा. नाटकांची मोठी रंगीत पोस्टरं लागलेली असतात. नाटकाचं नाव, कंपनी, कलाकारांचे फोटो आणि खाली ठळक अक्षरात गाव आणि तारीख. ज्या गावात रात्री नाटक, त्या गावात दिवसा मंडई, असा साधा हिशेब धरा.

मंडई याच दिवसांत का भरते, ते मुलांना गाडीतच सांगून ठेवा. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान तोवर कापून झालेलं असतं, उशिरा येणारं भारी धान अजून बांधीत उभं असतं. म्हणजे हातात चार पैसे आलेले आणि पुढच्या कापणीला थोडा अवकाश. लेकी भाऊबीजेला माहेरी आलेल्या, जावई त्यांना न्यायला आलेले. एका दिवसात सगळे सोयरे भेटतात. पोरी-पोरांची स्थळंही इथंच निघतात. माझ्या सासरच्या घरात मंडईच्या दिवशी दारातून चुलीपर्यंत चपलांची रांग असते आणि त्यातल्या निम्म्या चपला कुणाच्या, हे घरातल्यांनाही ठाऊक नसतं. कुणी विचारतही नाही.

नागपूरहून सकाळी आठला निघालात तर भंडाऱ्यात थांबून चहा-पोहे घेऊनही अकरापर्यंत साकोली-लाखनी भागातल्या गावात पोचता. पोह्यांवर चण्याची तर्री मागा, मुलांसाठी तिखट बेतानं घालायला सांगा. वाटेत तलाव दिसतील, ते नीट पाहा. हे मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या काळातले तलाव, आता त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. या दिवसांत ढिवर लोक त्यांतून शिंगाडे काढतात. उकडलेले शिंगाडे रस्त्याच्या कडेला टोपलीत मांडलेले असतात, काळे कुळकुळीत, वर ओलं फडकं. दोन्ही शिंगं धरून मधोमध दातानं फोडायचा, आतला पांढरा गर अख्खा निघाला पाहिजे. बोटं काळी होतात, होऊ द्या. मुलांना पिशवीभर घेऊन द्या, तो त्यांचा दुपारपर्यंतचा खाऊ.

गावात पोचल्यावर आधी दुकानांची ओळ लागेल: जिलेबी, फुटाणे-मुरमुरे, रेवड्या, बांगड्या, प्लास्टिकची खेळणी, आकाशपाळणा. मुलांना तिथं सोडा आणि तुम्ही दंडार कुठं चालली आहे ते विचारा. दंडारीत टिपऱ्या घेऊन नाच असतो, गाणं असतं, मधेच सोंगं येतात, संवाद होतात. खडी गंमत वेगळी, तिथं उभ्यानं शाहिरी आणि पुरुषच लुगडं नेसून नाच्या होतो. फार चांगले गायक आहेत यांत, ताई. दिवसभर शेतात राबणारी माणसं आहेत ही आणि गळा असा की ऐकत राहावं. पटलं तर पुढं होऊन दहा-वीस, पन्नास रुपये बक्षीस द्या. तुमचं नाव मोठ्यानं पुकारलं जाईल, मुलांना ते फार आवडतं.

जेवणाचं म्हणाल, तर हॉटेल शोधू नका. ज्यांच्याकडे जाल त्यांच्या घरी या दिवशी उडदाचे वडे असतील, कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या असतील, भात तर असेलच. नॉनव्हेज खात असाल तर कोंबड्याचा किंवा झिंग्यांचा रस्सा. कुणाची आजी चुलीवर आयते घालत असेल, तर मुलांना तिच्याजवळ बसवा. तांदळाचं पीठ ताकासारखं पातळ भिजवलेलं असतं. तवा चांगला तापला की ती वाटीनं पीठ कडेनं सोडत मध्यावर येते, चर्र आवाज होतो आणि सगळ्या अंगाला जाळी पडते. वर झाकण. उलटायचा नाही. कडा सुटून वर आल्या की आयता झाला. गूळ घातलेल्या दुधात बुडवून खा, नाहीतर रश्श्यासोबत. नव्या धानाच्या तांदळाचा असेल तर त्याचा वास तुम्हाला आधीच दारात आलेला असेल.

‘जेवाले बसा’ हे इकडे नुसतं तोंडदेखलं नसतं. नाही म्हटलं तर त्या बाईला खरंच वाईट वाटतं. पैसे देऊ करू नका. जाताना घरातल्या लेकरांसाठी फळं, मिठाई न्या आणि भाऊबीजेचे दिवस आहेत म्हणून यजमानीणबाईला ब्लाउजपीस दिलात तर ती तुमचीही ओटी भरेल. चुलीपुढच्या बाईचा फोटो विचारूनच काढा.

रात्रीच्या नाटकाचं मात्र नीट ठरवा. झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या पुढं सुरू होतं आणि उजाडताना संपतं. समोर ऑर्गन आणि तबला, नाटकात गाणी, मंडपात पोरंबाळं पांघरुणात. वडसा हे या सगळ्या कंपन्यांचं ठाणं, तिथून दिवाळी ते होळीपर्यंत गावोगाव नाटकं जातात. २०२३ मध्ये याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे घरोघर आनंद झाला होता. तिकीट आधी काढा, पहिला अंक पाहा. मुलं झोपली तर यजमानांच्या घरीच मुक्काम करा आणि सकाळी निघा. मध्यरात्री गाडी चालवू नका असं मी कळकळीनं सांगते. धानानं भरलेल्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या या दिवसांत रस्त्यावर असतात, मागं लाल दिवा नसतो आणि जवळ येईतो दिसत नाहीत.

*

प्रश्न: मी मूळची दर्यापूर तालुक्यातली, आता डोंबिवलीत. लहानपणी महिनाभर भुलाबाईची गाणी म्हणत गल्ली पालथी घालायचो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला हे दाखवायचं आहे. एका दिवसात कुठं पाहायला मिळेल? गावात आता कुणी बसवतं की नाही, ठाऊक नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: बाई गं, तुझं पत्र दोनदा वाचलं. अगं-तुगं करते आहे, माहेरची आहेस म्हणून.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसतात आणि आश्विनाच्या पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला उठतात, हे तुला माहीत आहे. महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर फिरणं आता कमी झालंय, शाळा आणि शिकवण्या आल्या. बऱ्याच ठिकाणी शेवटचे पाच दिवस, नाहीतर फक्त कोजागिरीची रात्र करतात. तरी संपलेलं नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाण्याकडच्या गावांत अजून कुठल्या तरी ओसरीवर भुलोजी आणि भुलाबाई मातीच्या मांडलेल्या असतात. म्हणून दिवस निवडायचा तर कोजागिरीच निवड आणि गाव निवडायचं तर तुझंच. अनोळखी गावात तू पाहुणी म्हणून कडेला बसशील, माहेरी तुला गाणी म्हणायला पुढं ओढतील. शब्द आठवत नसतील म्हणून घाबरू नकोस. पहिली ओळ कुणी धरली की पुढच्या आपोआप येतात.

आधी फोन करून दोन गोष्टी सांगून ठेव. एक, ज्वारीचे धांडे, म्हणजे ताटं. भुलाबाईचा मांडव पाच धांड्यांचा होतो, कणसासकट. आपल्या लहानपणी बांधावरून उपटून आणायचे, कुणी काही म्हणायचं नाही. आता खरिपात सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी. ज्वारी तालुक्यात शोधावी लागते. माझ्या भावानं मागच्या काही वर्षांपासून धुऱ्याला, म्हणजे बांधाच्या कडेला, चार ओळी ज्वारी मुद्दाम पेरायला घेतली आहे, नातींच्या भुलाबाईसाठी. पाखरं निम्मी खातात, तरी पाच धांडे उरतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो. तुझ्या गावातही असा एखादा शेतकरी असेल, त्याला आधी सांगितलं तर तो ठेवेल.

दुसरं, खिरापत. मुलीला खरी गंमत इथंच येणार आहे. डबा बंद, वरून फडकं बांधलेलं, आणि पोरींनी तो कानाशी धरून हलवायचा. फुटाणे कडकड वाजतात. शेंगदाण्याचा लाडू एकेकटा धप धप आदळतो. मुरमुरे नुसते सळसळतात. खोबरं-साखरेचा फार बारीक आवाज येतो, त्याला कान पाहिजे. आणि शिरा असला तर डबा मुकाच. आमची काकू शिऱ्याच्या डब्यात मुद्दाम वर चार शेंगदाणे टाकायची, सगळ्या पोरी फसायच्या. गोड का तिखट, कोरडं का ओलं, असं विचारत विचारत ओळखायचं. तू घरून एक डबा बनवून ने, डोंबिवलीचं काहीतरी, जे गावातल्या पोरींना सहजी ओळखता येणार नाही. मग बघ, तुझ्या लेकीची ओळख करून द्यावी लागत नाही.

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं अकोल्याला किंवा मूर्तिजापूरला उतर, दिवसभर माहेरी थांब, रात्री चंद्राखाली दूध पिऊन दुसऱ्या दिवशी परत. सोयाबीन काढणीचे दिवस असतात, वहिनी दमलेली असेल. पोचल्या पोचल्या पदर खोच आणि भाकरी थापायला बस.

*

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत मित्रांना घेऊन वर्धा जिल्ह्यात हुरडा पार्टीला यायचं आहे. कुठं चांगला मिळेल?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: दिवाळीत हुरडा नसतो, भाऊ. तो थंडी पडल्यावर, पौषाच्या सुमारास या. आत्ता यायचं तर आंबिया बहाराची संत्री झाडावर आहेत. काटोल, वरुड, मोर्शीकडे बागा पाहायला मिळतील, मालकाला आधी विचारून जा. साल हिरवट दिसली तरी आतून गोड निघतात. वर्ध्यात उतरलात तर गोरसपाक घ्या, बिस्किटासारखा असतो, प्रवासात टिकतो. अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेचंही पुष्कळ जण दिवाळीत विचारतात. ती डिसेंबर-जानेवारीत भरते.

*

प्रश्न: आईचं वय ७८. तिला रामटेकची त्रिपुरी पौर्णिमा पाहायची फार इच्छा आहे. गुडघे दुखतात. नागपूरहून एका दिवसात न्यावं का? तिथं खायला काय विशेष?
— एक वाचक, वर्धा

उत्तर: न्या, जरूर न्या. इच्छा आहे तोवर न्या. पण पौर्णिमेच्या रात्री गडावर मध्यरात्री त्रिपूर पेटवतात, तेव्हा इतकी गर्दी असते की धडधाकट माणसालाही टेकायला जागा मिळत नाही, आणि गाड्या खालीच अडवतात. आईला त्या गर्दीत नेऊ नका. तुम्ही तीन-चार दिवस आधी, एकादशीच्या सुमारास या. एरवी गाडी गडावर देवळाच्या पुष्कळ जवळ जाते, पायऱ्या थोड्याच उरतात. सकाळी लवकर दर्शन, मग खाली अंबाळा तलावाच्या काठी बसा. शोभायात्रा पाहायची असेल तर ती वैकुंठ चतुर्दशीला निघते. तेव्हा गावात एखाद्या ओळखीच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून मिळाली तर आईला सगळं बसल्या बसल्या दिसेल.

खायला यात्रेत आलूबोंडे, चण्याचा रस्सा, जिलेबी हे असतंच. रामटेकचं खरं वैशिष्ट्य म्हणजे पान. बारी समाजाचे पानमळे इथं पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. आई पान खात असतील तर इथली पानं शेकड्यानं घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या.

एसटीनं आलात तर ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना राज्यात प्रवास मोफत आहे, २०२२ पासून. ६५ ते ७५ला अर्धं तिकीट, आणि महिलांना मार्च २०२३ पासून सगळ्याच वयात अर्धं. ओळखपत्र मूळ ठेवा. मोफत प्रवास म्हणून आईला कुणी जागा देताना तोंड वाकडं केलं तर सरळ वाहकाला सांगा. मी कितीतरी म्हाताऱ्या पाहिल्या, ज्या ही सवलत आल्यावर कित्येक वर्षांनी माहेरच्या गावी गेल्या.

*

प्रश्न: आम्ही तिघं मित्र, अकोल्याचे, मोटारसायकलवर. दसऱ्याला पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला जायचं आहे, तिथं रावणाची पूजा होते म्हणतात. व्हिडिओही करायचा आहे. वाटेत खायला काय?
— एक वाचक, अकोला

उत्तर: होय, सांगोळ्यात रावणाची दगडी मूर्ती आहे आणि गाव तिला मानतं. दसऱ्याला बाकी ठिकाणी दहन, तिथं पूजा. जा, पण पोरांनो, वाद घालायला किंवा हसायला जाऊ नका. त्या गावानं हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आहे. मोबाइल खिशात ठेवून आधी हात जोडा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, त्यांना बोलू द्या. व्हिडिओचं मग त्यांनाच विचारा.

दसऱ्याच्या दिवशी खेड्यातली हॉटेलं बंद किंवा अर्धवट उघडी असतात. घरून भाकरी, ठेचा, जवसाची चटणी बांधून न्या आणि पाणी भरपूर. वाटेत कपाशीत वेचणी सुरू झालेली दिसेल. कुठं पहिल्या वेचणीची पूजा चालली असेल तर थांबा. त्याला सीतादही म्हणतात. शेताच्या कोपऱ्यात पाच खडे मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पहिला कापूस वेचतात. बाया तुमच्या हातावर दहीभात देतील. तो उभ्यानं खाऊ नका, धुऱ्यावर बसून खा.

आपट्याची फांदी मोडू नका, चार पानं पुरतात. आणि दिवस मावळायच्या आत आपापल्या घरी पोचा. सोनं द्यायला म्हातारी माणसं वाट पाहत असतात.

पुढच्या आठवड्यात वेळ असेल तर आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंज मोझरीला जा, तिवसा तालुक्यात. तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. ११ ऑक्टोबर १९६८ला त्यांनी देह ठेवला. दुपारी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखभर माणूस मौन उभं राहतं. खंजिरी थांबते, लाउडस्पीकर थांबतात, लेकरंसुद्धा गप्प होतात. खेड्यापाड्यांतून बंड्या, ट्रॅक्टर भरून लोक शिदोरी घेऊन आलेले असतात आणि पंगतीला कुणाला जात विचारत नाहीत. तुमच्या वयात हे पाहिलंच पाहिजे.

*

प्रश्न: दसऱ्याला सकाळी चंद्रपूरहून नागपूर आणि पुढं भंडारा असा प्रवास एसटीनं करायचा आहे. गाड्यांना फार गर्दी असते का?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: असते, आणि असणारच. १४ ऑक्टोबर १९५६ला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, तुमच्या चंद्रपुरात. तेव्हापासून गावोगावची माणसं पांढरे कपडे घालून, भाकरी बांधून दीक्षाभूमीला निघतात. माझ्या गाडीत उभं राहायला जागा नसायची, पण त्या दिवसाइतका शिस्तीचा प्रवासी मी वर्षभरात पाहिला नाही. म्हाताऱ्याला जागा द्यायला कुणाला सांगावं लागत नसे. तुमचं काम टाळता येण्यासारखं असेल तर दोन दिवस पुढं ढकला. नसेल तर पहाटेची पहिली गाडी धरा. नागभीड, उमरेडमार्गे सुटणारी गाडी मिळाली तर तीही बरी पडते. पूर्वी नागभीडहून नागपूरला छोटी रेल्वे होती, ती २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून त्या वाटेच्या बसवरही भार आहे. वाटेत भिवापूरला थांबा असेल तर मिरची घ्या. इथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि खाल्ल्यावर त्याचं कारण कळतं.

*

प्रश्न: गेल्या ऑक्टोबरात आम्ही हायवेवरच्या एका मोठ्या ढाब्यावर ‘अस्सल वऱ्हाडी थाळी’ घेतली. पनीर, बुंदीचं रायतं आणि एक कडक गोळा, त्याला रोडगा म्हणत होते. चव काहीच नव्हती. खरं वऱ्हाडी जेवण बाहेरच्या माणसाला मिळतं तरी कुठं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमचा राग मला पटला. रोडग्याच्या नावावर असं काही कुणी वाढलं की मलाही फार लागतं, कारण रोडगा हा एकट्यानं करून एकट्यानं खायचा पदार्थच नाही. गव्हाचं जरा जाडसर दळलेलं पीठ, मीठ, घट्ट मळलेलं. त्याच्या लहान पोळ्या लाटायच्या, तेल लावून एकावर एक रचायच्या आणि वरच्या मोठ्या पारीत त्या सगळ्या बांधून गोळा वळायचा. म्हणजे आत पापुद्रे राहतात. इकडे गोवऱ्यांचा आर पेटवून तो बसू द्यायचा, धूर पूर्ण गेला पाहिजे, नाहीतर कडू वास लागतो. त्या निखाऱ्यात गोळे मांडायचे आणि सारखे फिरवत राहायचे. एका माणसाचं लक्ष फक्त तेवढ्याचसाठी लागतं. वर तांबूस, कुठं कुठं काळे ठिपके आले की काढायचे, राख झटकायची आणि पोत्यात किंवा जाड फडक्यात गुंडाळून ठेवायचे. या झाकून ठेवण्यात आतले पापुद्रे वाफेवर शिजतात. तुमच्या ढाब्यावर हीच पायरी झाली नसणार, म्हणून तो गोळा कडक लागला. मग पानात मुठीनं फोडायचा, वर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. पंगत शेतात, झाडाखाली, नाहीतर मारुतीच्या देवळापुढं. पन्नास माणसं असली तरच ते रोडगे.

म्हणून हे हॉटेलात मिळणं अवघड, आणि त्यात हॉटेलवाल्याचाही फारसा दोष नाही. तुम्ही असं करा. नवस फेडायच्या आणि देवळाच्या पंगती खेड्यात कार्तिकापासून वाढत जातात. ज्या गावात ओळख आहे तिथं विचारून ठेवा आणि शिधा घेऊन जा, तेल, गूळ, डाळ, जे सांगतील ते. शिधा दिला की तुम्ही पाहुणे राहत नाही, पंगतीचे होता.

ओळख नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी, यात्रेत, महिला बचत गटांचे स्टॉल शोधा. तिथं चून-भाकर (पिठलं-भाकरी), भरीत, ठेचा, कढी-गोळे, पुडाची वडी हे घरातल्याच बाया करत असतात. पुडाची वडी मात्र जरा थंडीत खा. पावसाळा संपता संपता सांबार महाग असतो, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि मग वडीत सारण कमी आणि बेसन जास्त येतं. गोळाभात कुठं दिसला तर सोडू नका. भातात शिजलेले डाळीचे गोळे, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल आणि बाजूला ताकाची कढी.

बस स्टँडच्या खाण्याला नाकं मुरडू नका. कढईतून निघालेला आलूबोंडा आणि त्यावर चण्याचा रस्सा हे आमच्या नोकरीतल्या माणसांचं जेवण होतं आणि अजून आहे. अमरावतीकडे गेलात तर गिला वडा विचारा. चिखलदऱ्याला गेलात तर गवळ्यांचा खवा आणि रबडी. कुठंही जाल तिथं गर्दी ज्या गाडीवर आहे त्या गाडीवर खा आणि सकाळी खा. दुपारी तीनला तेल तेच असतं, बोंडा थंड असतो.

नाशिकहून येताय तर बुलडाण्याच्या बाजूनं या. नवरात्रात लोणारला कमळजादेवीची यात्रा असते, विवराच्या तळाशी, तलावाच्या काठावर. उतरायला-चढायला दम लागतो, पाणी सोबत घ्या, पायात चांगल्या चपला असू द्या. उपवासाचे दिवस असल्यानं तिथं साबुदाणा, शेंगदाणे, केळी एवढंच मिळतं. पण वर गावात चढून आल्यावर कुणाच्या घरी फुणके आणि कढी मिळाली, तर तुमच्या त्या ढाब्याचं पुरतं विसराल. फुणके तुरीच्या वाटल्या डाळीचे, वाफवलेले. वरून कच्चं तेल घालून खायचे. मागताना लाजू नका. दिवाळीआधी मला एक पोस्टकार्ड टाका, कुठल्या बाजूनं येताय ते लिहा, त्या वाटेवर त्या आठवड्यात कुठं पंगत आहे ते मी विचारून कळवते.